बोटाला बिलगलेलं माकड

"मामा, हे खरं आहे की एआयनं केलंय?"

भाच्यानं फोन माझ्या चष्म्याला टेकेल इतका जवळ धरला. पंधरा सेकंदांचं रील. कुणाच्या तरी तर्जनीला एक माकड चारी हातापायांनी मिठी मारून बसलंय. अंगावर पिवळसर करडे केस, मानेभोवती सिंहाच्या आयाळीसारखा झुपका, डोळे टपोरे. खाली 'फिंगर मंकी' आणि दराची चौकशी करायला इनबॉक्समध्ये या, असं लिहिलेलं. भाच्याचा दुसरा प्रश्न त्यातूनच आला. "खरं असलं तर आपल्याला मिळंल का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. खरं आहे. असं माकड जगात आहे. दुसऱ्याचं उत्तर देताना दोन संध्याकाळी गेल्या. खानापूर तालुक्यात तीस वर्षं विज्ञान शिकवल्याची खोड, 'नाही' एवढं म्हणून थांबता येत नाही. शिवाय बँकॉकहून चेन्नईला किंवा बेंगळुरूला उतरलेल्या प्रवाशाच्या बॅगेत कपड्यांमध्ये गुंडाळलेली चिमुकली परदेशी माकडं सापडल्याच्या बातम्या आता अधूनमधून येतच असतात. रीलमधलं माकड बॅगेपर्यंत पोचतं कसं, हे कळायचं तर आधी ते माकड कळायला हवं.

हे नक्की कोण?

याचं नाव पिग्मी मार्मोसेट. दक्षिण अमेरिकेतल्या छोट्या माकडांच्या एका गटाला मार्मोसेट म्हणतात, आणि त्या गटातलं हे सगळ्यात लहान. जगातलं सगळ्यात लहान माकडही हेच. पूर्ण वाढलेल्याचं वजन १०० ते १३० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे आपल्या अंगणात पळणाऱ्या खारीएवढं. धड १२ ते १५ सेंटीमीटर, शेपूट त्याहून लांब. १८२३ साली जर्मन निसर्गशास्त्रज्ञ योहान स्पिक्स यांनी ब्राझीलच्या प्रवासातून आणलेल्या नमुन्यांवरून त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. ब्राझील, पेरू, इक्वेडोर, कोलंबिया आणि बोलिव्हिया या देशांत पसरलेल्या अमेझॉनच्या पश्चिम भागात ते राहतं, तेही बहुतेक नदीकाठच्या, पुराचं पाणी शिरणाऱ्या जंगलात.

आपल्याकडे लोंढा, कॅसलरॉकच्या बाजूला दिसतात ती लालसर तोंडाची माकडं आणि काळ्या तोंडाची वानरं. दोन्ही 'जुन्या जगातली', म्हणजे आशिया-आफ्रिकेतली. त्यांच्या नाकपुड्या जवळजवळ आणि खाली वळलेल्या. अमेरिकेतल्या माकडांचं नाक चपटं, नाकपुड्या लांब लांब आणि बाजूला उघडणाऱ्या. दोन्ही घराण्यांची फारकत होऊन साडेतीन-चार कोटी वर्षं झाली. त्यामुळे "आमच्या दारातल्या माकडांचं पिल्लू असावं तसं" ही समजूत सोडून द्यायची. रीलमधलं ते पिल्लू नव्हेच, बहुधा पोराबाळांचा बाप असेल.

इथे हमखास एक जण उठून विचारतो, मग आपलं काडुपापा काय? सीमाभागात हा कन्नड शब्द मराठी बोलणाऱ्यांच्याही कानावर असतो. काडुपापा म्हणजे रानातलं बाळ, म्हणजे लोरिस. तोही पश्चिम घाटातला चिमुकला, मोठ्या डोळ्यांचा प्राणी. पण लोरिस माकड नव्हे. तो माकडांचा लांबचा चुलता म्हणावा असा, रात्रीचा हिंडणारा, सावकाश पावलं टाकणारा. पिग्मी मार्मोसेट दिवसाचं, चपळ, आणि चार-पाच मीटरची झेप सहज घेणारं.

डिंकावर चालणारा संसार

या माकडाची गुरुकिल्ली त्याच्या खाण्यात आहे, म्हणून इथे जरा बसू.

माझ्या परसात शेवगा आहे. मागच्या वर्षी फांदी छाटली तिथे खोडाला जखम झाली आणि आठवड्याभरात तिथून डिंक आला. आधी पांढरट, मऊ, नखानं दाबला तर खळगा पडेल असा, मग हळूहळू तांबूस आणि टणक. मुंग्या ओळीनं हजर. झाड हा डिंक कुणाला खायला घालत नसतं. ती जखमेवरची पट्टी असते. साल फुटली, आत बुरशी-कीड शिरेल, म्हणून झाड चिकट पदार्थ सोडून ते भोक बुजवतं. (फणसाचा चीक निराळा आणि साल वृक्षाची राळ निराळी. सगळं चिकट ते एक नव्हे.)

पिग्मी मार्मोसेट झाडाच्या या सवयीवर जगतं. ते डिंक गळायची वाट पाहत नाही, स्वतः जखम करतं. वरचे दात सालीत रोवून टेकू घ्यायचा आणि खालच्या दातांनी खरवडायचं. त्यासाठी खालचे पुढचे दात सुळ्यांइतके लांब झालेत. दातांवरचं कठीण कवच पुढच्या बाजूला जाड आणि मागच्या बाजूला जवळजवळ नाहीच, त्यामुळे झीज होते ती मागून आणि पुढची धार कायम राहते. सुताराची पटाशी हातात घेऊन बघा, एका बाजूनं उतार दिलेला असतो. अगदी तेच.

एक वाटोळं भोक पाडायचं, चाटायचं, दुसरीकडे जायचं. झाड पट्टी बांधायला डिंक सोडतं. माकड परत येऊन तो चाटतं आणि भोक पुन्हा खरवडतं. वापरातल्या झाडाचं खोड शेकडो भोकांनी चाळणीसारखं दिसतं. जागं झाल्याबरोबर पहिली फेरी डिंकाची आणि संध्याकाळी झोपण्याआधी शेवटची फेरीही डिंकाचीच. खाण्याच्या एकूण वेळातला निम्म्याहून बराच जास्त वेळ यात जातो. उरलेल्या वेळात नाकतोडे आणि इतर किडे. डिंकातून पिठूळ पदार्थ आणि कॅल्शियम, किड्यांतून प्रथिनं. चाटून ठेवलेल्या भोकांवर फुलपाखरं येतात तीही जमलं तर पकडायची. हॉटेलवाल्यानं गिऱ्हाईकच खाल्लं म्हणा.

डिंकाचे लाडू आपणही खातो की, मग त्यात नवल काय? नवल असं की आपण डिंक तुपात फुलवतो, गूळ-खोबरं घालतो, आणि ताकद येते ती मुख्यतः त्या तुपा-गुळाची. डिंकातली साखर लांबलचक, फाटे फुटलेल्या साखळ्यांत बांधलेली असते आणि त्या साखळ्या तोडणारा रस आपल्या पोटात नाही. माकडाच्याही नाही. पण लहान आणि मोठं आतडं मिळतं तिथे एक पिशवी असते, तिला सीकम म्हणतात. मार्मोसेटची ही पिशवी अंगाच्या मानानं मोठी असते आणि तिथे जिवाणू डिंक आंबवतात. रात्री भिजवलेलं इडलीचं पीठ सकाळी फुगलेलं असतं, तिथेही राबणारे जिवाणूच. माकड नुसतं भांडं पुरवतं.

खोडाला चिकटून राहायचं तर नखंही तशीच हवीत. बहुतेक माकडांना आपल्यासारखी चपटी नखं असतात. याला मात्र पायाचा अंगठा सोडून सगळीकडे अणकुचीदार, वळलेल्या नख्या आहेत. त्या सालीत रुतवून ते खारीसारखं सरळ उभ्या खोडावर चढतं, उतरतं, आणि वर ससाण्याची सावली दिसली की गर्रकन खोडाच्या पलीकडे जातं.

आता रील आठवा. माकड बोटाला घट्ट बिलगलंय आणि खाली लोकांनी बदाम टाकलेत. ज्याला उभ्या खोडाला धरून जगायचं असतं ते बोट मिळालं तर बोटही तसंच धरणार. त्यात माया शोधणारे आपण.

इतकं लहान होऊन मिळवलं काय?

लहान असणं हा कमीपणा आहे असं आपल्याला वाटतं. या माकडाचे पूर्वज मोठे होते आणि ते पिढ्यान्‌पिढ्या लहान होत गेले, असं अभ्यासक मानतात. डिंक बारमाही मिळतो, पण थोडा थोडा. मोठ्या जनावराचं त्यात भागत नाही. शंभर ग्रॅमच्या जिवाचं भागतं.

त्यामुळे त्यांचा सातबारा बघण्यासारखा आहे. दोनपासून नऊ-दहा जणांचं कुटुंब दहा गुंठ्यांपासून फार तर एखाद्या एकरात राहतं. त्यात मुख्य झाड एक किंवा दोन-तीन. झाडाचा डिंक आटला की बाडबिस्तरा गुंडाळून दुसरीकडे. कुठली झाडं आवडतात हेही भागाभागानं बदलतं. त्यांच्या पसंतीच्या झाडांत एक आहे आपल्या आंबाड्याचा अमेरिकन भाऊबंद. आंबाड्याचं लोणचं घालणाऱ्यांना त्याच्या खोडावरचा डिंक सांगायला नको.

याचा अर्थ असा की नदीकाठचं एक विशिष्ट झाड तुटलं तर एक अख्खं कुटुंब उठतं. वाघाला जंगल लागतं हे आपल्याला पाठ झालंय. इथे एकेका झाडाचा हिशेब आहे.

जुळं, तेही वर्षात दोनदा

माकडांत एका वेळी एक पिल्लू हा नेम. मार्मोसेटमध्ये जुळं हा नेम. साडेचार महिन्यांचा गरोदरपणा, प्रत्येक पिल्लू १५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे मोठा चमचाभर साखर. पण आईचं वजनच सव्वाशे ग्रॅम. दोन पिल्लं मिळून तिच्या वजनाच्या पाव हिश्श्याला येतात. साठ किलोच्या बाईला साडेसात-साडेसात किलोची जुळी झाली असा हिशेब करून बघा. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरच्या मुलीसुद्धा "अगं बाई" म्हणायच्या. आणि हे वर्षात दोनदा घडू शकतं.

एकटी आई हे पेलू शकत नाही. म्हणून वडील आणि मोठी भावंडं पिल्लं पाठीवर घेऊन हिंडतात, आई दूध पाजायला घेते आणि पुन्हा सोपवते. पिल्लं जरा मोठी झाली की त्यांना पाल्यात लपवून बाकीचे जवळपास खात राहतात. कुटुंबात सहसा एकाच मादीला पिल्लं होतात. बाकीच्या वयात आलेल्या पोरी थांबतात, भावंडं सांभाळतात. त्यात सोस किती आणि नाइलाज किती हे त्यांचं त्यांना ठाऊक, पण भावंडं कडेवर वागवण्याची तालीम मिळालेली असते, ती पुढे स्वतःच्या पिल्लांच्या वेळी कामाला येते.

मार्मोसेटच्या जुळ्यांची आणखी एक गोष्ट विज्ञानाच्या मास्तरला मोहात पाडणारी आहे. पोटात असताना दोघांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या जातात आणि रक्त तयार करणाऱ्या पेशींची अदलाबदल होते. म्हणजे एकाच्या शरीरात आयुष्यभर भावाच्या किंवा बहिणीच्या पेशी नांदत असतात. 'रक्ताचं नातं' हा शब्द आपण फार ढिलेपणानं वापरतो.

चिवचिव की बोलणं?

अमेझॉनमध्ये नवखा माणूस हा आवाज ऐकून वर पक्षी शोधतो. बारीक, थरथरता, शिट्टीसारखा स्वर. पण त्यात मोजमाप आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातले चार्ल्स स्नोडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकापासून यावर बरंच काम केलं. सोबती जवळ असेल तर मऊ थरथरती हाक, लांब असेल तर अशी हाक की तिची दिशा कळावी. जवळ ओरडलं तर ससाण्यालाही पत्ता लागतो, लांबवर कुजबुजलं तर आपल्याच माणसाला ऐकू जात नाही. शिवारात बांधावरून बांधाला हाक मारणारा आणि तोच माणूस माजघरात, दोन आवाज असतात की नाही? दुसरं म्हणजे ती पाळीनं बोलतात. एकानं हाक दिली की दुसरा, मग तिसरा, असं क्रमानं. आमच्या गल्लीच्या मीटिंगीत हे अजून जमलेलं नाही.

१९९८ साली स्नोडन आणि मार्गारेट एलोसन यांनी प्रसिद्ध केलेलं निरीक्षण मला सगळ्यात आवडतं. पिग्मी मार्मोसेटची पिल्लं बडबडतात. आपलं सात-आठ महिन्यांचं बाळ पडल्या पडल्या "बाबाबा, दादादा" करतं, तशी ही पिल्लं मोठ्यांच्या हाकांचे तुकडे अर्थाशिवाय एकापुढे एक ठेवत राहतात. धोका नसताना धोक्याची हाक, लगेच खाण्याची, लगेच जवळिकीची. बडबड चालू असताना मोठी मंडळी पिल्लाकडे जास्त लक्ष देतात. आपल्याही घरात तेच.

नवी जोडी जमली की काही आठवड्यांत दोघांच्या थरथरत्या हाका एकमेकींसारख्या होऊ लागतात. इक्वेडोरमध्ये स्टेला दे ला तोर्रे यांनी स्नोडन यांच्याबरोबर पाच ठिकाणच्या कळपांचे आवाज तपासले, तर जागेनुसार हाकांची ठेवण वेगळी निघाली. म्हणजे बोलीच. पुण्याहून बेळगावात नांदायला आलेली सून वर्षभरात "काय करायलायस" म्हणू लागते, हे आम्हाला नवीन नाही. माकडांमध्ये तसं काही आहे हे कळलं तेव्हा मात्र मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो.

"पण पिंजऱ्यातच जन्मलेलं असेल तर?"

भाच्याची वकिली इथून सुरू झाली. त्याचा मुद्दा चुकीचा नाही. पिंजऱ्यात वाढवलेली मार्मोसेट विकली जातात, रानातून धरलेली नव्हेत, असं विकणारे सांगतात. क्षणभर खरं मानू. पिंजऱ्यात जन्म झाला म्हणून दात, आतडं आणि कुटुंबाची गरज बदलत नाही. केळं आणि बिस्किटावर ते काही दिवस काढेल. पण मग हाडं. दक्षिण अमेरिकेतल्या माकडांना 'ड' जीवनसत्त्वाचा डी-३ हाच प्रकार लागतो आणि तोही भरपूर. तो अंगावर थेट ऊन पडलं की तयार होतो, खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हानं नाही. बेळगावच्या पावसाळ्यात चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत. अशा घरातल्या माकडाची हाडं मऊ होतात, वाकतात, उडी मारताना मोडतात.

"कुत्रं-मांजरंसुद्धा कधीतरी रानटीच होती की." होती. कुत्रा माणसाजवळ यायला हजारो वर्षं आणि असंख्य पिढ्या गेल्या, आणि ज्यांना माणूस सोसला तेच टिकले. मार्मोसेटच्या बाबतीत ही निवड झालेलीच नाही. वयात आलं की ते चावतं, भिंतींना आणि उशांना स्वतःच्या वासाच्या खुणा करतं, आणि एकटं ठेवलं तर जिला उत्तर मिळत नाही अशी लांब पल्ल्याची हाक देत राहतं.

"माकडापासून आपल्याला काही होईल का?"

हा प्रश्न बहिणीचा. तिच्या मनात माकडताप होता, आणि ते साहजिक आहे. १९५७ मध्ये शिवमोग्ग्याकडच्या क्यासनूर जंगलात ओळखला गेलेला हा आजार २०१६ मध्ये तिलारीपलीकडे दोडामार्गात पोचला तेव्हा चंदगड-खानापूरच्या काजूच्या बागांतही धास्ती होती. पण तो पसरवते गोचीड. माकडं आणि वानरं त्यात आपल्याआधी मरतात, ती गुन्हेगार नव्हेत. आणि त्याचा या अमेरिकन माकडाशी संबंध नाही.

इथे धोका मुख्यतः उलट दिशेनं आहे. ताप येऊन गेल्यावर आपल्या ओठाच्या कडेला पाणीदार फोड येतात ना, त्यांचा विषाणू असंख्य माणसांच्या अंगात निवांत पडून असतो. आपल्याला चार दिवसांची चुरचुर. मार्मोसेटला तो झाला तर बहुतेक वेळा मरणच. रीलमध्ये कुणीतरी त्याचा मुका घेताना दिसलं की माझ्या डोळ्यांसमोर हेच येतं.

कायदा काय म्हणतो?

थोडक्यात. धोक्यातल्या प्राण्यांच्या व्यापारावर 'साइट्स' नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, भारत त्यात १९७६ पासून आहे, आणि पिग्मी मार्मोसेट त्याच्या दुसऱ्या यादीत येतं. म्हणजे परवान्याशिवाय देशाबाहेर नेता-आणता येत नाही. आपला १९७२ चा वन्यजीव कायदा पूर्वी परदेशी प्राण्यांबद्दल जवळजवळ गप्प होता आणि व्यापारी त्याच फटीतून आत शिरले. २०२२ च्या दुरुस्तीनं या यादीतले प्राणी कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि २०२४ च्या नियमांनुसार असा प्राणी बाळगणाऱ्यानं 'परिवेश' पोर्टलवर नोंद करायची, जन्म, मृत्यू, हस्तांतर सगळं कळवायचं. "नोंद केली की झालं कायदेशीर" असं विकणारे सांगतात. तसं नव्हे. बॅगेतून आणलेल्या जिवाचे मूळ कागद कुठून येणार?

भाच्यानं शेवटी फोन बाजूला ठेवला, पण समाधान झालेलं दिसेना. म्हणून मी त्याला या माकडांच्या हाकांचं एक रेकॉर्डिंग शोधायला लावलं. ओसरीवर बसून दोघांनी ऐकलं. या हाका फार वरच्या पट्टीत असतात, आपल्या कानाच्या वरच्या टोकाजवळ, आणि ते टोक वयाबरोबर आधी झिजतं. सुरुवातीची थरथर मला नीट ऐकू आली. मग स्वर वर वर गेला आणि एकदम शांत.

"संपलं का?" मी विचारलं.

तो फोनवर कान टेकवून हसत होता. "नाही ओ मामा. अजून बोलायलंय की."